ड्रोनच्या बॅटरीसाठी सरकारी निधी मिळतो, पण तो नेमका कशासाठी मागायचा?

प्रश्न विचारणारे इचलकरंजीचे दोन मित्र आहेत. एकाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, दुसरा रसायनशास्त्रात एमएस्सी. तीन वर्षं ई-बाइकचे पॅक, म्हणजे अनेक सेल जोडून केलेल्या बॅटऱ्या, बांधतात. ड्रोन चालवणाऱ्या एका मित्रानं त्यांना विचारलं, "आमचं ड्रोन पंचवीस मिनिटं उडतं, तासभर उडेल अशी बॅटरी द्याल का?" त्यांनी वाचलंय की अमेरिकेत अशा संशोधनाला सरकार लहान कंपन्यांना पैसे देतं. आपल्याकडे तसं मिळेल का, कोल्हापुरात बसून हे काम होईल का, आणि लिथियम-सल्फरचा ४०० वॉट-अवर प्रति किलोचा (किलोमागे तेवढी ऊर्जा साठवणारा) सेल बनवायचा प्रस्ताव लिहावा का, असे तीन प्रश्न आहेत.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सोळा वर्षं बॅटरी पॅक बांधतो. सुरुवात सौर दिव्यांच्या पॅकपासून झाली, गेली काही वर्षं बरंचसं काम ड्रोनचं आहे. सरकारी निधीतून एक प्रकल्प पूर्ण केलाय आणि त्याआधी एक प्रस्ताव परत आलेला पाहिलाय. त्यामुळे सविस्तर लिहितो.

निधी कुठे मिळतो याचं उत्तर फार मोठं नाही, ते खाली देतोच. तुमची अडचण मला त्याच्या आधीच दिसते. 'एक तास' आणि '४००' हे दोन आकडे तुम्ही एकमेकांशी जोडून पाहिलेले नाहीत. ते जोडल्याशिवाय प्रस्ताव लिहिला, तर तपासणारा माणूस पहिल्याच पानावर तेच करून बघणार. म्हणून आधी आपणच करू.

तुमच्या मित्राचं ड्रोन मी पाहिलेलं नाही, पण पंचवीस मिनिटं उडणारं यंत्र साधारण कसं असतं ते माहीत आहे. समजा बॅटरी सोडून वजन ३ किलो आणि बॅटरी २ किलो. पॅक सहा सेलच्या मालिकेचा, २२.२ व्होल्ट, १६ अँपिअर-अवरचा लिपो (लिथियम-पॉलिमर), म्हणजे साधारण ३५५ वॉट-अवर. पाच किलोचं हे ड्रोन एका जागी तरंगत ठेवायला ६५० वॉट लागतात असं धरू. पॅक पूर्ण रिकामा करायचा नसतो, त्यातले ८० टक्के वापरायचे. ते झाले २८४ वॉट-अवर. भागाकार करा, सव्वीस मिनिटं येतात. तुमच्या मित्राच्या आकड्याच्या अगदी जवळ.

आता याच दोन किलोत तास हवा असेल, तर वापरता येणारे ६५० वॉट-अवर पाहिजेत, म्हणजे पॅकमध्ये एकूण ८१२. दोन किलोला भागलं की ४०६ येतात. पण हा आकडा अख्ख्या पॅकचा झाला. पॅकमध्ये सेलशिवाय पट्ट्या, वायर, कनेक्टर, होल्डर, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), वरचं आवरण असं सगळं असतं. माझ्या हातून बांधलेल्या पॅकमध्ये त्याचं वजन एकूण वजनाच्या सातव्या-आठव्या भागाखाली क्वचितच गेलंय. म्हणजे सेल ४६०-४७० चा हवा. तुमचा ४०० चा सेल उद्या हातात आला तरी हे ड्रोन पन्नास मिनिटांच्या आसपास उतरेल. हा हिशेब तुमच्या प्रस्तावात नसेल, तर तुम्ही मागितलेला निधी आणि दिलेलं वचन यांचा मेळच बसत नाही.

"मग बॅटरी मोठी करू" हे प्रत्येकाच्या मनात येतं. तेही करून बघा. बॅटरी दोनाची चार किलो केली की ड्रोन सात किलोचं होतं. पंखे तेच ठेवले तर तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं तर शक्ती सुमारे २.८ पट लागते. पाचाचं सात किलो झालं की ६५० वॉटचे १०७५ च्या वर जातात. ऊर्जा दुप्पट झाली, वेळ मात्र सव्वीसवरून साडेएकतीस मिनिटांवर आला. दोन किलो वाढवून पाच मिनिटं मिळाली, आणि मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट), चौकट हे सगळं तेवढा भार सोसेल का हा प्रश्न वेगळाच. या गणितानुसार बॅटरीचं वजन बाकी ड्रोनच्या दुप्पट झालं की वेळ वाढायचा थांबतो, त्यापुढे तो कमी होऊ लागतो. प्रत्यक्षात इतर कारणांमुळे त्याच्या कितीतरी आधी थांबावं लागतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाजारात आज मिळणारा चांगल्या प्रतीचा २१७०० मापाचा दंडगोल सेल घ्या. साधारण ५ अँपिअर-अवर, १८ वॉट-अवर, वजन ७० ग्रॅम. सेलच्या पातळीवर हे किलोला २५० वॉट-अवरच्या वर जातं. सहा मालिकेत, चार समांतर, असे २४ सेल म्हणजे ४३२ वॉट-अवर, आणि पॅक नीट बांधला तर दोन किलोच्या आत बसतो. त्यातले ८० टक्के वापरले तर बत्तीस मिनिटं. कुठलंही नवं रसायन न शोधता सहा मिनिटं वाढली. तरंगताना प्रत्येक सेलवर साडेसात अँपिअर येतात, ते हा सेल आरामात देतो. पण वाऱ्याचा झोत आला किंवा ड्रोन झपकन वर चढवलं की प्रवाह दुप्पट होतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि उड्डाण नियंत्रकाला वाटतं बॅटरी संपली. लिपो अशा वेळी ताठ उभा राहतो, दंडगोल सेल वाकतो. तुमच्या मित्राचं काम संथ सर्वेक्षणाचं असेल तर हा पर्याय उत्तम. वजन उचलणारं, झटके घेणारं काम असेल तर नाही. हे ठरवायला त्याच्या चार-पाच उड्डाणांचे लॉग लागतील: प्रवाह, व्होल्टेज, तापमान, दर सेकंदाला. लॉग न पाहता बॅटरी सुचवणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आता लिथियम-सल्फरकडे येऊ. तुमच्यातले एक जण रसायनशास्त्राचे आहेत, त्यांना त्याचं आकर्षण का वाटतं ते मला कळतं. गंधक स्वस्त आहे. आपल्याकडे साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला रोज जाळतात. एका ग्रॅम गंधकात कागदावर १६७५ मिलिअँपिअर-अवर बसतात, आणि लिथियमबरोबरच्या जोडीची सैद्धांतिक ऊर्जा २५०० वॉट-अवर प्रति किलोच्या वर जाते. पण डिस्चार्ज होताना मधल्या टप्प्यात जी पॉलिसल्फाइडं तयार होतात ती इलेक्ट्रोलाइटमध्ये (सेलमधल्या द्रवात) विरघळतात, पलीकडच्या लिथियमपर्यंत जातात, आणि चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक चक्राला थोडा थोडा माल कायमचा वाया जातो. आयुष्य कमी भरतं. शिवाय सेलचं व्होल्टेज २.१ च्या आसपास, म्हणजे २२ व्होल्ट करायला सहाऐवजी दहा-अकरा सेल मालिकेत लावायचे. आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातूचा पत्रा. तो हाताळायला अतिशय कोरडी खोली लागते. आपल्याकडे जुलैत भिंतीला पाझर फुटतो, कागद हातात मऊ पडतो. अशा हवेत ती खोली चोवीस तास कोरडी ठेवायचा विजेचा खर्चच लहान कंपनीला बुडवेल.

सिलिकॉनचं ॲनोड (सेलची ऋण बाजू) हा दुसरा रस्ता. ग्रॅफाइट एका ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-अवर धरतं, सिलिकॉन साडेतीन हजारांच्या आसपास. मात्र लिथियम आत शिरलं की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं, बाहेर आलं की आकसतं, आणि त्या फुगण्या-आकसण्यात कणांचा भुगा होतो. हा फुगवटा आवरण्याच्या कामात अमेरिकेतल्या अँप्रियससारख्या कंपन्यांनी वर्षं घातली. २०२२ मध्ये एअरबसचं झेफिर हे सौर विमान ६४ दिवस न उतरता उडालं, त्यात अँप्रियसचे सेल होते. रात्रभर उडत राहायचं असेल तर बॅटरीचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो, आणि तिथे सेलची किंमत दुय्यम ठरते. असं गिऱ्हाईक असेल तर नव्या रसायनाला अर्थ आहे. उसावर औषध फवारणाऱ्याला तोच सेल परवडणार नाही.

विद्यापीठात जाऊन नाण्याएवढा सेल बनवता येतो, त्यावर शोधनिबंधही होतो. शिवाजी विद्यापीठात सुपरकपॅसिटरवर आणि पातळ थरांवर अनेक वर्षं चांगलं काम झालंय, तिथली माणसं मदत करतात. पण नाण्याएवढ्या सेलपासून ५ अँपिअर-अवरच्या पाउच (चपट्या पाकिटासारख्या) सेलपर्यंतचं अंतर फार मोठं आहे. लहान सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट भरपूर घालता येतो, त्याचं वजन कोणी मोजत नाही. मोठ्या सेलमध्ये तेच वजन आकडा खाली ओढतं. म्हणून प्रस्तावात नाण्याच्या सेलचे आकडे देऊन ड्रोनचा वेळ सांगितला, की जाणकार लगेच ओळखतो.

आता निधीची मूळ कल्पना. अमेरिकेत याची सुरुवात १९८२ च्या कायद्याने झाली. ज्या सरकारी खात्यांचा बाहेर दिलेल्या संशोधनाचा खर्च वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवायचा. तो पुढे ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. काम तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे आणि थोडे महिने, कल्पना शक्य आहे का एवढंच पाहायचं. दुसऱ्यात नमुना बनवायचा. तिसऱ्यात त्या राखीव निधीतला पैसा नसतो. तिथे गिऱ्हाईक किंवा खरेदी करणारं खातं पाहिजे. अर्थात तो पैसा तिथल्याच कंपन्यांना. मालकी बहुतांशी तिथल्या नागरिकांकडे आणि काम तिथेच व्हावं लागतं, त्यामुळे तिकडे अर्ज करायचा विचार डोक्यातून काढा. पण ती टप्प्यांची रीत समजून घ्या, कारण आपल्याकडच्या योजनाही बऱ्याचशा त्याच अंगाने जातात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे फाउंड्रीच्या सॅम्पलसारखं आहे. शिरोलीच्या कुठल्याही फाउंड्रीत विचारा. नवा पार्ट आला की आधी पाच-दहा कास्टिंग ओततात, त्यातलं एक मधोमध कापून आत ब्लो होल (हवेची पोकळी) नाही ना ते गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यानंतर ऑर्डर. सरकारी निधी हा त्या सॅम्पलचा खर्च समजा. तुमच्या कल्पनेत एक मोठी शंका असते, ती शंका मोजून मिटवायला तो पैसा मिळतो. कारखाना उभारायला मिळत नाही, घर चालवायलाही मिळत नाही. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की आमची शंका कोणती, आणि ती मिटली हे कुठल्या आकड्यावरून कळेल.

माझा पहिला प्रस्ताव नेमका इथेच पडला. मी लिहिलं होतं, "जास्त वेळ उडणारी, हलकी आणि सुरक्षित बॅटरी." समोर बसलेल्यांपैकी एकानं शांतपणे विचारलं, "कशापेक्षा जास्त? किती तापमानाला? कितव्या चक्रानंतर?" मला उत्तर देता आलं नाही. ते तीन प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि वर्षभर दुसरा अर्ज केला नाही.

दुसरा प्रस्ताव शेतातून आला. शिरोळ भागात फवारणीचं ड्रोन चालवणारा एक मुलगा फुगलेले पॅक घेऊन आमच्याकडे आला. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथे ड्रोनच लागतं. पण दहा लिटरची टाकी घेऊन ते दहा-बारा मिनिटंच उडतं, आणि दिवसभर काम ओढायचं तर पॅक उतरवायचा, बांधावरच्या जनरेटरला लावायचा, दुसरा चढवायचा. एप्रिलची दुपार होती. मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. उतरलेल्या पॅकच्या मधल्या सेलवर तापमान मोजलं, ६० च्या वर. त्याच मिनिटाला तो चार्जरला लागला. बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. मुलाचा दोष नव्हता, पुढचं शेत वाट बघत होतं. पॅक हातात घेतला तेव्हा कडेचे दोन सेल गार आणि मधला तळहाताला चटका देणारा. तिथेच मला माझी शंका सापडली: गरम पॅक दहा मिनिटांत ४५ च्या खाली आणता येईल का, वजन पाच टक्क्यांपेक्षा जास्त न वाढवता?

या एका वाक्यावर आमचा प्रकल्प उभा राहिला. सेलच्या मधे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घालून उष्णता कडेला आणायची, कडेला पंखा असलेल्या पेटीत पॅक ठेवायचा, आणि बीएमएसने तापमान उतरल्याशिवाय चार्जिंग सुरूच करायचं नाही. यात जगाला न माहीत असं काहीच नव्हतं. पण आधी किती, नंतर किती, कुठल्या हवेत, कितव्या चक्राला, हे सगळं आमच्याकडे मोजलेलं होतं. तपासणाऱ्यांना तेच हवं होतं.

काम करताना सगळ्यात जास्त शिकवलं ते वेल्डिंगच्या एका टाक्यानं. दंडगोल सेलचा दुसरा एक पॅक हवेत चांगला उडायचा, पण विसाव्या उड्डाणानंतर लॉगमध्ये तिसऱ्या गटाचं व्होल्टेज झटका बसला की इतरांपेक्षा जास्त खाली जायचं. सेल बदलला, तरी तेच. शेवटी आमच्याकडे स्पॉट वेल्डिंग करणाऱ्या दादांनी पॅक कानाजवळ हलवला आणि म्हणाले, "सायेब, पट्टी वाजतीया बघा. टाका सुटलाय." मोटारीच्या थरथरीनं चारपैकी दोन टाके सुटले होते, उरलेल्या दोनांतून सगळा प्रवाह जात होता. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: रोज सकाळी पहिल्या सेलवर पट्टी लावायची आणि पकडीनं ओढून काढायची. पट्टीला भोक पडलं आणि निकेलचा ठिपका सेलवरच चिकटून राहिला, तर मशीनची सेटिंग बरोबर. पट्टी अलगद सुटून आली, तर त्या दिवशी एकही पॅक बांधायचा नाही. पट्टी घेतानाही खात्री करा. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद शुद्ध निकेल म्हणून सर्रास विकलं जातं. एक कडा घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ते पोलाद. त्याचा रोध कितीतरी जास्त, प्रवाह वाढला की तीच पट्टी शेगडी होते.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण तुम्ही तीन वर्षं पॅक बांधताय, आणि तुमची ताकद तिथे आहे. सेलचं रसायन ज्यांच्याकडे कोरडी खोली आणि दहा वर्षं आहेत त्यांना करू द्या. सेल निवडणं, अंतर्गत रोध मोजून त्यांच्या जोड्या लावणं, उष्णता बाहेर काढणं, थरथर सोसेल अशी बांधणी, खरं उरलेलं चार्ज सांगणारा बीएमएस, हे सगळं संशोधनच आहे, आणि ड्रोनच्या बाबतीत अजून भरपूर बाकी आहे. उंचीवरचं उदाहरण घ्या. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की त्याच वजनाला तरंगायला इथल्यापेक्षा जवळपास सहावा हिस्सा शक्ती जास्त लागते. आणि त्याच वेळी थंडीने सेलचा रोध वाढलेला असतो, तो कमी देतो. शून्याखाली चार्ज केलं तर ॲनोडवर लिथियमचा थर साचून सेल कायमचा बिघडतो. उडायच्या आधी पॅक स्वतःच्या ऊर्जेने किती गरम करावा, त्यात किती मिनिटं जातात आणि किती मिळतात, एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रस्ताव होऊ शकतो.

आता योजना. तुमच्यासाठी कुठली, हे तुमची नोंदणी काय आणि गिऱ्हाईक कोण यावर अवलंबून आहे. कंपनी अजून नसेल आणि फक्त नमुना बनवायचा असेल, तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा, १० लाखांपर्यंत मिळतात. कंपनी दोन वर्षांच्या आतली आणि स्टार्टअप म्हणून मान्यताप्राप्त असेल, तर २०२१ पासूनची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना. कल्पना सिद्ध करायला आणि नमुन्याला २० लाखांपर्यंत अनुदान, तेही मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत). संरक्षण दलांना उपयोगी पडेल असं काही असेल, तर २०१८ मध्ये सुरू झालेली आयडेक्स. त्यात दलं स्वतःच समस्या जाहीर करतात, आणि निवड झाली की दीड कोटीपर्यंत अनुदान, मात्र तुमचाही तितकाच वाटा लागतो. आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा १० कोटी, आणि २०२४ च्या अदिती योजनेत २५ कोटी. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी वेगळा; त्यात प्रकल्प ५० कोटींपर्यंत, खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत. सेलचे मोठे कारखाने उभारायची १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना तुमच्या कामाची नाही, ती गिगावॉट-अवरमध्ये बोलते. अटी बदलत राहतात, योजनांची मुदतही संपते, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या त्या योजनेचं चालू पत्रक उघडून वाचा, माझ्या आकड्यांवर अर्ज लिहू नका.

यातली एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो. टप्पा पूर्ण करा, अहवाल द्या, तपासणी होईल, मग पुढचा हप्ता. आमचा एक हप्ता सात महिने अडकला. काम अडलं नव्हतं, कागद अडले होते. ते सात महिने मी सौर दिव्यांच्या जॉबवर्कमधून पगार दिले, आणि दोन वेळा बायकोच्या खात्यातून. त्यामुळे ई-बाइकचं काम बंद करून यात उडी घेऊ नका. तुमच्या वाट्याची रक्कम आणि सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढता येत असेल तरच मोठी योजना घ्या. येत नसेल तर १०-२० लाखांपासून सुरुवात करा, त्यात कमीपणा काहीच नाही.

चाचण्यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची तर संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या आठ चाचण्या लागतात. विरळ हवेत सहा तास, ७२ अंश आणि उणे ४० अंश यांच्यात आलटून पालटून, मग थरथर, धक्का, बाहेरून शॉर्ट, आघात, जादा चार्ज, उलटा डिस्चार्ज. यातल्या पहिल्या पाच त्याच नमुन्यांवर एकामागून एक होतात, म्हणून पाचवीला नापास झालात तर पहिलीपासून नवे नमुने. सेलची चाचणी झालेली असली तरी तुम्ही बांधलेल्या पॅकची वेगळी करावी लागते. आणखी एक: २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे प्रमाणपत्र ड्रोनच्या मॉडेलला मिळतं. तुमच्या मित्राचं मॉडेल प्रमाणित असेल, तर बॅटरी बदलल्यावर त्या प्रमाणपत्राचं काय होतं हे त्यालाच आधी विचारायला लावा. सेल कुठल्या देशातून आला हेही विचारलं जाणारच, संरक्षणाच्या कामात तर नक्की. खरेदीची बिलं आणि सेलच्या बॅचचे क्रमांक पहिल्या दिवसापासून फायलीत ठेवा.

कोल्हापुरात हे होईल का? पॅकचं काम नक्की होईल. उद्यमनगरात आज सांगितलेला ॲल्युमिनियमचा साचा परवा हातात मिळतो, ही सोय मोठ्या शहरातल्या पुष्कळ कंपन्यांना नाही. रसायनाचं मोजमाप विद्यापीठात होतं. वाहनांच्या बॅटरीच्या चाचण्यांसाठी पुण्याची एआरएआय आहे, साहित्यावरच्या संशोधनासाठी पुण्याचीच सी-मेट, आणि सेल बनवण्याबद्दलच विचारायचं असेल तर तमिळनाडूतल्या कराईकुडीची सेक्री ही सरकारी संशोधन संस्था. पुणं साडेतीन-चार तासांवर. कमी पडतं ते ड्रोन, पॅक आणि चाचणी या तिन्हींना एकत्र समजणारं माणूस, आणि ते तुमच्यातूनच तयार व्हावं लागेल.

मी तुमच्या जागी असतो तर पुढचे तीन महिने अर्ज लिहिण्यात घातले नसते. आधी मित्राच्या ड्रोनचे लॉग. मग त्याच वजनात २१७०० चा एक पॅक बांधून पंचवीसची किती मिनिटं होतात ते त्याच्याच मैदानावर, त्याच वजनासह, सकाळी आणि दुपारी. मग तोच पॅक पन्नास चक्रं. या आकड्यांमधून तुमची शंका आपोआप पुढे येईल: व्होल्टेज बसतंय, की उष्णता, की टाके, की चार्ज किती उरलंय याचा अंदाज चुकतोय. त्या शंकेवर प्रस्ताव लिहा. मित्रालाही आजच सांगा की दोन किलोत तास मिळणार नाही, तीस-बत्तीस मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. खरंच तासभर उडायचं असेल तर पंख असलेलं विमान लागेल, कारण त्याला नुसतं हवेत राहायला कितीतरी कमी शक्ती पुरते. सर्वेक्षणाचं काम असेल तर त्यानं याचा विचार करावाच.

आमच्याकडे सहा चॅनेलचा डिस्चार्ज टेस्टर आहे, रात्री तो मोकळा असतो. लॉग आणि ड्रोनचं बॅटरीशिवायचं वजन लिहून पाठवा, मग एक दिवस ठरवून पॅक घेऊन या. येताना पॅक पूर्ण चार्ज करून आणू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, कनेक्टरला टोपी लावा, आणि पेट्रोलच्या टाकीवर ठेवून नको, पत्र्याच्या डब्यात घालून आणा.